जुन्या लेन्सची राखण: विदर्भातील धूळ, ऊन आणि पावसाळ्यात फिल्टर, हूड व झाकणे कशी वापरावीत

तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या कपाटातून निघालेली निक्कॉरची ५० मिमी, घरातल्या थोरल्या काकांनी जपून ठेवलेली पेन्टॅक्सची टाकुमार, झेनिट कॅमेऱ्यासोबत आलेली रशियन हेलिओस, अशा लेन्स आता ॲडॅप्टर लावून डिजिटल कॅमेऱ्यावर पुन्हा वापरात येत आहेत. काच आणि धातू यांपलीकडे त्यांच्यात फारसे काही नसते, आणि म्हणूनच नीट जपल्या तर त्या आणखी एका पिढीला सहज पुरतील. मात्र त्यांचे सुटे भाग आता कोणी बनवत नाही. समोरच्या भिंगावर ओरखडा गेला, तर त्याच जातीची दुसरी लेन्स मोडून तिच्यातले भिंग काढण्यावाचून उपाय उरत नाही, आणि ते काम करणारा कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणीही सहसा भेटत नाही. त्यामुळे फिल्टर (लेन्सपुढे फिरवून बसवायची काच), हूड (लेन्सच्या तोंडाभोवती बसणारे नळकांडे) आणि झाकण या संरक्षणाच्या तीन साध्या वस्तूंचा विचार लेन्स हाती आल्याच्या दिवशीच करायला हवा.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्याकडच्या हवेत झाकण कायम असावे, फोटो काढताना हूड कायम असावा, आणि फिल्टर मात्र समोरची हवा पाहून लावावा किंवा काढावा. फिल्टर एकदा बसवला की तो वर्षानुवर्षे तसाच ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते; जुन्या लेन्सच्या बाबतीत ती दोन्ही बाजूंनी नुकसानीची आहे, आणि त्याची कारणे पुढे ओघात येतील.

आधी लेन्स नीट पाहून घ्या

काहीही विकत घेण्यापूर्वी लेन्सच्या समोरच्या कड्याचे माप माहीत हवे. मधोमध तिरपी रेघ असलेल्या गोलाच्या चिन्हापुढे जो आकडा असतो तो फिल्टरच्या आट्यांचा व्यास असतो. त्याच कड्यावर लिहिलेले ५० किंवा ५८ मिमी हे नाभीय अंतर (फोकल लेन्थ) असते, आणि फिल्टर मागवताना या दोहोंची गल्लत हमखास होते. पेन्टॅक्सच्या ५० मिमी एफ १.४ आणि ५५ मिमी एफ १.८ टाकुमारला, हेलिओस ४४-२ ला आणि ऑलिंपसच्या बऱ्याचशा झुइको लेन्सना ४९ मिमी लागतो. त्या काळातल्या बहुतेक लहान निक्कॉर लेन्स ५२ मिमीच्या आहेत. ज्युपिटर-८ आणि इंडस्टार-६१ यांसारख्या छोट्या रशियन लेन्सना ४०.५ मिमी लागतो. लग्नाच्या फोटोंसाठी स्टुडिओवाले एकेकाळी वापरत असलेल्या याशिका मॅट १२४ जी या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याला मात्र आटेच नसतात. तिथे बेयोनेट-१ पद्धतीची खाच असते आणि आट्यांचा कोणताही फिल्टर त्यावर बसत नाही. कड्यावर आकडा नसेल तर अंदाजाने मागवू नये. गावातल्या लेथवाल्याकडे व्हर्नियर कॅलिपर असतो. त्याच्याकडून कड्याचा आतला व्यास मोजून घ्यावा, मात्र कॅलिपरची टोके काचेपासून दूर राहतील याकडे आपण स्वतः लक्ष द्यावे.

त्यानंतर भिंगावरचे कोटिंग, म्हणजे परत फिरणारा प्रकाश कमी करणारा पातळ थर, पाहावे. लेन्स ट्यूबलाइटखाली धरून किंचित तिरपी केली की भिंगांमध्ये ट्यूबची प्रतिबिंबे दिसतात. ती स्वच्छ पांढरी असतील तर काचेवर कोटिंग नाही. निळसर, जांभळट किंवा पिवळसर अशी एकाच छटेची असतील तर कोटिंगचा एकच थर आहे, आणि हिरवी, गुलाबी, तांबूस अशी वेगवेगळ्या रंगांची असतील तर बहुथरी कोटिंग आहे. भिंगावर कोटिंग चढवण्याची पद्धत झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधून काढली. पेन्टॅक्सच्या बहुथरी कोटिंगच्या टाकुमार १९७१ मध्ये आल्या. या दोहोंमधल्या काळातली, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली काही कोटिंगे इतकी मऊ आहेत की चारदोनदा जोराने पुसले तरी ती निघून येतात. अशी लेन्स आपल्याकडे असेल तर तिच्यासाठी फिल्टर आवश्यक ठरतो, कारण त्यामुळे भिंग पुसण्याची वेळच येत नाही.

शेवटी मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी असते, आणि अशी लेन्स साफ होईपर्यंत चांगल्या लेन्सपासून वेगळी ठेवावी. बुरशी आत असताना वरून फिल्टर आणि घट्ट झाकण लावून ठेवल्याने काहीच वाचत नाही.

फिल्टर: कधी लावावा आणि कधी काढावा

अतिनील किरणे अडवणारा यूव्ही फिल्टर मुळात फिल्मसाठी होता, कारण फिल्मला ती किरणे जाणवत आणि दूरच्या डोंगरांवर निळसर धुके उतरल्यासारखे दिसे. डिजिटल सेन्सरसमोर ही किरणे गाळणारी काच आधीच बसवलेली असते. म्हणून डिजिटल कॅमेऱ्यावर यूव्ही फिल्टरचे काम एवढेच, की धूळ, रंग, तेल किंवा पाणी भिंगाऐवजी त्याच्यावर पडावे. साधा पारदर्शक प्रोटेक्टर हेच काम करतो. जुन्या सामानात स्कायलाइट नावाचे फिल्टर सापडतात. त्यांच्यात फिकट गुलाबी छटा असते, पण डिजिटलवर व्हाइट बॅलन्सने ती सावरता येते.

कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग असतात, म्हणजे स्वस्त, बिनकोटिंगच्या फिल्टरमुळे जवळपास ८ टक्के प्रकाश वाया जातो, आणि त्यातला काही भाग आतल्या आत आपटून चित्रावर धूसरपणा आणतो. एकथरी कोटिंगच्या लेन्समध्ये हा दोष मुळातच थोडा असतो. त्यात स्वस्त फिल्टरची भर पडली की काळा रंग राखाडी होऊन जातो. त्यामुळे फिल्टर घ्यायचाच असेल तर बहुथरी कोटिंगचाच घ्यावा. थोडे पैसे अधिक गेले तरी चालतील, पण पितळी कड्याचा मिळाला तर तो निवडावा, कारण ॲल्युमिनियमचे कडे ॲल्युमिनियमच्या आट्यांत अडकून बसण्याचा संभव जास्त असतो.

आपल्या भागात फिल्टर लावायलाच हवा असे प्रसंग बरेच आहेत. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनचा हडंबा सुरू झाला की कुटाराची बारीक भुकटी वाऱ्याबरोबर चहूकडे उडते. पुढे तुरीची मळणी, जिनिंगमध्ये हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, ताडोब्यात पुढच्या जिप्सीने उडवलेला धुरळा, वणी-घुग्घुस पट्ट्यातली कोळशाची भुकटी, शंकरपटात बैलजोडी सुटताना उसळणारी माती, होळीचा रंग आणि मिरवणुकीतला गुलाल, या सगळ्या ठिकाणी फिल्टरशिवाय लेन्स उघडी ठेवू नये. मातीत आणि धुळीत वाळूचे कण असतात, आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. दिसायला मऊ वाटणारी धूळ दुपट्ट्याच्या टोकाने पुसली की भिंगावर केसासारख्या रेषा उमटतात, त्या याच कणांमुळे.

हळदीच्या कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. मांडवात फोटो काढताना कोणीतरी हळदीचा हात पुढे करते आणि समोरच्या काचेवर पिवळे, तेलकट बोट उमटते. ते बोट भिंगावर असेल तर ते पुसताना तेल पसरते, कडेला जाऊन बसते आणि कित्येक वेळा पुसूनही पिवळी किनार मागे राहते. तेच फिल्टरवर असेल तर फिल्टर काढून, भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटावर घेऊन वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने धुवावा, पाणी झटकावे आणि मऊ, धुतलेल्या मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्यावे. लेन्स अशी नळाखाली धरता येत नाही, फिल्टर धरता येतो. त्याचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर मात्र असा धुऊ नये, कारण त्याच्या दोन काचांमध्ये पातळ पापुद्रा असतो आणि कडेने पाणी शिरले तर तो खराब होतो.

फिल्टर काढून ठेवण्याचे प्रसंगही तितकेच ठरलेले आहेत. रात्रीच्या फोटोत दिवे असतील तर फिल्टर आणि सेन्सर यांच्यामध्ये प्रकाश आपटतो, आणि दिव्याची फिकट, उलटी प्रतिमा चित्राच्या दुसऱ्या बाजूला उमटते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. त्या रंगमंचावरचे दिवे बऱ्याचदा थेट कॅमेऱ्याकडे रोखलेले असतात, आणि तिथे फिल्टर काढून केवळ हूड लावल्यास नटांचे चेहरे स्वच्छ येतात. उगवत्या किंवा मावळत्या सूर्यासमोर फोटो काढतानाही असेच करावे.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. लेन्स हातातून पडली तर फिल्टर तिला वाचवतो, असे दुकानदार सांगतात. फिल्टरची काच पातळ असते. ती फुटली तर तिचे तुकडे भिंगावर घासतात, आणि कडे वाकून लेन्सच्या आट्यांत रुतून बसते. पडण्यापासून वाचवण्याचे काम हूडचे आहे.

बसवण्याची पद्धत अशी. लेन्स टेबलावर उभी ठेवून रबरी ब्लोअरने आधी आटे आणि मग भिंग फुंकून घ्यावे. तोंडाने फुंकू नये, कारण श्वासाबरोबर थुंकीचे बारीक थेंब जातात. फिल्टर सपाट ठेवून प्रथम उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, हळूच फिरवावा. आट्यांची तोंडे जुळली की बोटांना बारीकसा टक लागल्याचे जाणवते. मग दिशा बदलून दोन बोटांनी फिरवत न्यावा आणि थांबला की सोडून द्यावा. आणखी आवळू नये. फिरवताना आट्यांतून बारीक करकर ऐकू आली तर तिथेच थांबून फिल्टर काढावा. तिथे मातीचे कण अडकलेले असतात. कोरड्या, मऊ टूथब्रशने, लेन्स खाली तोंड करून धरून ते झाडून काढावेत. आटे घट्ट वाटत असतील तर पेन्सिलीचे शिसे त्यांवर हलके फिरवावे. तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण उन्हात ते पातळ होऊन काचेवर उतरते.

हूड

जुन्या लेन्ससाठी एकच वस्तू घ्यायची ठरली तर मी हूड घ्यायला सांगेन. एप्रिल-मेच्या दुपारी पांढरी पडलेली जमीन, टिनाची छपरे आणि चुन्याच्या भिंती सगळीकडून प्रकाश फेकत असतात. सूर्य चौकटीत नसला तरी हा कडेचा प्रकाश भिंगावर पडतो आणि चित्र धुरकट होते. हूड तो अडवतो. शिवाय धक्का लागला तर आधी हूड मार खातो, आणि गर्दीत कोणाचा कोपर किंवा बैलाचे शिंग भिंगापर्यंत पोहोचत नाही.

हूड नाभीय अंतराला जुळणारा असावा. रुंद कोनाच्या २८ मिमी लेन्सला उथळ, पसरट हूड लागतो, तर १३५ मिमीला लांब नळीसारखा हूड चालतो. निकॉनने वेगवेगळ्या लेन्ससाठी वेगवेगळ्या क्रमांकांचे हूड काढले होते. ५० मिमीसाठीचा एचआर-१ हा घडी होणारा रबरी हूड आहे. मूळ हूड मिळाला नाही तरी अडत नाही, त्याच आट्यांचा साधा गोल हूड काम देतो. तो कोपरे कापतो की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. फोकस अनंतावर ठेवावा, ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) एफ १६ पर्यंत बंद करावे, मोकळ्या आभाळाचा किंवा एकसारख्या रंगाच्या भिंतीचा फोटो घ्यावा आणि चारही कोपरे पडद्यावर मोठे करून पाहावेत. ॲपर्चर उघडे असताना कोपऱ्यांतला काळेपणा पुसट असतो आणि लक्षात येत नाही, म्हणून चाचणी बंद ॲपर्चरवरच करावी. एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असलेल्या सेन्सरवर ५० मिमी लेन्स साधारण ७५ मिमीइतकाच कोन पाहते, त्यामुळे त्या कॅमेऱ्यावर थोडा लांब हूड लावता येतो आणि प्रकाश अधिक चांगला अडतो.

धातूचा हूड टिकाऊ असतो, पण मोठा धक्का तो थेट लेन्सच्या कड्यापर्यंत नेतो. रबरी हूड धक्का स्वतः पिऊन टाकतो. यात्रेत, लग्नाच्या वरातीत आणि मोटारसायकलवरच्या प्रवासात मी रबरीच पसंत करतो. फुलाच्या पाकळ्यांसारख्या आकाराचा हूड जुन्या लेन्सवर सहसा घेऊ नये, कारण अनेक जुन्या झूम लेन्समध्ये फोकस करताना पुढचे कडे फिरते आणि पाकळ्या भलत्याच जागी येतात. काही लेन्सना हूडची गरजच नसते. निकॉनच्या ५५ मिमी एफ ३.५ मायक्रो-निक्कॉरचे समोरचे भिंग इतके खोल बसवलेले आहे की लेन्सचे कडेच हूडचे काम करते.

जुन्या धातूच्या हूडच्या आतला काळा रंग अनेकदा उडालेला असतो आणि आत चकाकणारा धातू उघडा पडतो. असा हूड प्रकाश अडवण्याऐवजी आत ढकलतो. शाळेच्या फळ्याला लावतात तो चकाकी नसलेला काळा रंग आतून एक पातळ हात द्यावा, आणि रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत हूड लेन्सपासून दूर ठेवावा.

झाकणे, विशेषतः मागचे

समोरच्या भिंगावरच्या बारीक रेषा चित्रात क्वचितच दिसतात. मागच्या भिंगावरचा ओरखडा मात्र सेन्सरच्या जवळ असल्याने लवकर दिसतो. तरीही लेन्स विकत घेताना मागचे झाकण आहे का, हे फार थोडे लोक विचारतात. कॅमेऱ्यावर आट्यांनी बसणाऱ्या एम ४२ पद्धतीच्या लेन्सना ४२ मिमी व्यासाचे, १ मिमी आट्यांचे फिरकीचे झाकण लागते, आणि त्यात लेन्सच्या मागच्या टाचणीला पुरेल इतकी खोली असावी लागते. ज्युपिटर-१२ या ३५ मिमी लेन्सचे मागचे भिंग बाहेर इतके आलेले असते की साधे झाकण थेट काचेला टेकते. तिच्यासाठी खोल झाकणच हवे. लेन्स बदलताना मागचे झाकण आधी ब्लोअरने फुंकावे आणि मगच बसवावे, कारण खिशात ठेवलेल्या झाकणात खिशातला सगळा कचरा गोळा होतो आणि तो सरळ मागच्या भिंगावर पडतो.

पुढच्या झाकणांपैकी मधून दाबून बसणारे झाकण हूड लावलेला असतानाही काढता येते, म्हणून ते सोयीचे. जुनी, आतून मखमल लावलेली ढकलझाकणे दिसायला देखणी असतात, पण मखमल ओल धरते आणि पावसाळ्यात बुरशीला घर मिळते. ती आठवण म्हणून वेगळी ठेवावीत आणि रोजच्या वापराला प्लास्टिकचे झाकण घ्यावे. चामड्याच्या मूळ पेटीलाही हेच लागू आहे.

झोर्की, फेड किंवा जुन्या लायका कॅमेऱ्यांचे शटर कापडी असते, आणि उघडी लेन्स सूर्याकडे राहिली तर उन्हाचा ठिपका त्या कापडाला भोक पाडतो. अशा कॅमेऱ्यावर दोन फोटोंच्या मध्येही झाकण लावावे. फोटो घेण्याआधी ते काढल्याची खात्री मात्र हाताने करावी, कारण या कॅमेऱ्यांच्या दर्शकातून झाकण दिसत नाही आणि फिल्म कोरी निघते.

ऊन, कूलर आणि पावसाळा

मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि बंद गाडीत तो त्याहून बराच वर असतो. त्या उष्णतेत फोकसच्या आट्यांतले जुने ग्रीस सुटते, त्याचे तेल ॲपर्चरच्या पात्यांवर येते आणि पाती चिकटतात. यावर झाकण किंवा फिल्टर काही करू शकत नाही. लेन्स गाडीत न ठेवणे हाच उपाय.

उन्हाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते, म्हणून लेन्स सुरक्षित आहेत असे आपण धरून चालतो. घरात मात्र कूलर चालू असतो. ओल्या ताट्यांतून येणारी हवा खोलीतली आर्द्रता बरीच वाढवते, आणि कूलरच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेल्या लेन्सला मे महिन्यातही पावसाळ्यासारखीच ओल लागते. लेन्स कूलर नसलेल्या, पण ऊन न तापवणाऱ्या खोलीत ठेवाव्यात. एसीच्या खोलीतून दमट हवेत जायचे असेल तर लेन्स बंद पिशवीतच राहू द्यावी, बाहेरच्या हवेइतकी ती कोमट झाली की मगच उघडावी, नाहीतर काचेवर दव धरते. दव धरलेल्या किंवा भिजलेल्या लेन्सला झाकण लावू नये. पंख्याच्या हवेत, झाकणे आणि फिल्टर काढून, ती पूर्ण कोरडी होऊ द्यावी.

जून ते सप्टेंबरसाठी रबरी रिंग असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरते. विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट चांगलेच, पण वीज वारंवार जाणाऱ्या गावात डब्यावर अधिक भरवसा ठेवता येतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. ६५ च्या वर बराच काळ राहिली की बुरशीला वाव मिळतो, आणि फार खाली गेली तर ग्रीस सुकते. नारिंगी सिलिका जेलचा रंग बदलून हिरवा झाला की त्याने ओल पुरती शोषलेली असते. खुल्या खड्यांचे जेल जुन्या तव्यावर मंद आचेवर हलवत तापवले की पुन्हा नारिंगी होते. गार झाल्यावरच ते डब्यात ठेवावे. तांदूळ ठेवू नयेत, त्यांची भुकटी आट्यांत जाते. डांबरगोळ्या किंवा कापूरही नको, कारण त्यांची वाफ काचेवर बसते.

डब्यात ठेवताना लेन्सवरचा फिल्टर काढून वेगळा ठेवावा. फिल्टर आणि भिंग यांच्यामधल्या बंद फटीत हवा खेळत नाही, आणि महिनोन् महिने न काढलेला फिल्टर आट्यांत धरून बसतो.

फिल्टर अडकलाच तर बोटांच्या चिमटीत जोराने दाबू नये. दाबाने कडे लंबगोल होते आणि आणखी रुतते. सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी कड्याभोवती सगळीकडून सारखी गुंडाळावी आणि पूर्ण तळहाताने, वरून न दाबता, फिरवावे. तरीही न सुटल्यास लेन्स थोडा वेळ सुक्या डब्यात ठेवून पुन्हा प्रयत्न करावा किंवा फिल्टर काढण्याचे प्लास्टिकचे दोन पाने मागवावेत. ठोकर लागून कडेच वाकले असेल तर पक्कड लावू नये. तेवढे काम कड्याला आतून आधार देणारे हत्यार असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे सोपवावे, आणि तोवर पुढे रबरी ढकलझाकण लावून लेन्स वापरत राहावी.